उजेडाचं वेळापत्रक

माद्रिदला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. स्पेनच्या सहलीसाठी वही उघडली तेव्हा पहिल्या पानावर मी हेच लिहिलं. त्याखाली बार्सिलोना, सारागोसा, कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानाडा आणि प्रत्येक गावापुढे उगवतीची-मावळतीची वेळ. हॉटेलं, तिकिटं, व्हिसा यांची पानं त्याच्यानंतर.

स्पेनमध्ये घड्याळाचं आणि सूर्याचं फारसं जमत नाही. देशाचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तिथे लंडनची वेळ असायला हवी. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळ एक तास पुढे सरकवलं गेलं आणि युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी ते मागे आलेलं नाही. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी आठला रस्त्यावरचे दिवे जळत असतात आणि मुलं अंधारातच शाळेच्या वाटेला लागलेली दिसतात. बार्सिलोनाहून सारागोसाला जाताना गाडी शून्य रेखांश ओलांडते. जवळच्या महामार्गावर त्या जागी चक्क कमान उभारलेली आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त सारागोसात एक हिवाळा काढला, तेव्हा हे वेळेचं गणित अंगवळणी पडलं. आता आई-बाबांना घेऊन जायचं आहे. दोघं सत्तरीच्या आसपास. आईचे गुडघे जिन्याला कुरकुरतात आणि ती शुद्ध शाकाहारी. बाबा भुसावळ विभागात पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे निरीक्षक. निवृत्त झाल्यावरही कुठल्याही फलाटावर उभे राहिले की त्यांची नजर आधी खाली, रुळांकडे जाते.

सहल कंपन्यांची पत्रकं मी चाळली. गाड्या इतक्या वेगवान आहेत की त्या वेगाचा मोह सगळ्यांनाच पडलेला दिसतो. माद्रिद-बार्सिलोना हे ६२१ किलोमीटरचं अंतर अडीच तासांत, माद्रिद-सेव्हियाही अडीच तासांत, कोर्दोबा तर पावणेदोन तासांवर. मग आठवड्यात सात-आठ गावं सहज बसतात. सकाळी नऊला नाश्ता, दहाची गाडी, एकला पुढचं गाव, सामान ठेवून जेवेपर्यंत चार आणि सहाला अंधार. जुलैमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा हे एक वेळ निभेल. जानेवारीत दहा ते दोन हे दिवसातले सगळ्यात मोलाचे तास. धुकं विरलेलं असतं, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, चर्च आणि राजवाडे उघडे असतात. नेमके तेच तास गाडीत बसून घालवायचे हे मला पटत नाही.

म्हणून आमचा नियम असा ठरला की सकाळ गावासाठी राखायची. दोनला नीट बसून जेवायचं. तिथे दुपारचं जेवण हेच दिवसातलं मोठं जेवण असतं आणि ठरावीक किमतीचा दुपारचा मेनू जवळपास प्रत्येक खानावळीच्या दारात फळ्यावर लिहिलेला असतो. बरीच दुकानं त्या वेळात बंद असल्यामुळे आपलंही काही चुकत नाही. मग साडेतीन-चारची गाडी. पठारावरचं मावळतीचं ऊन खिडकीतून बघायला मिळतं. साडेसहाला नवं गाव. आणि अंधार पडला म्हणून तिथला दिवस संपत नाही. सातनंतरच माणसं घराबाहेर पडतात. आज्या फरचे कोट घालून हातात हात अडकवून फिरत असतात, कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजण्याच्या शेगड्या धगधगत असतात, दुकानं साडेआठ-नऊपर्यंत उघडी. अनोळखी गावाशी पहिली ओळख व्हायला मला ही वेळ फार आवडते.

फक्त स्टेशनवर वेळेआधी पोहोचायचं. वेगवान गाड्यांना सामान यंत्रातून तपासून मगच आत सोडतात आणि गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. धावत येऊन दांडा पकडायची सोय नाही. २०२१ पासून या मार्गांवर रेन्फे या सरकारी कंपनीखेरीज दुसऱ्या कंपन्यांच्याही गाड्या धावू लागल्या, त्यामुळे दर उतरले. पण प्रत्येकीचे सामानाचे नियम निराळे आहेत. स्वस्त तिकिटावर दुसऱ्या बॅगेचे पैसे चढले की हिशेब तिथेच येतो, म्हणून तिकीट काढताना बॅगांची मापं हाताशी हवीत.

बाबांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. गेज काय त्यांचं?"

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. या एका प्रश्नाने आमच्या सहलीचा नकाशा बदलला.

स्पेनमधली पहिली रेल्वे २८ ऑक्टोबर १८४८ ला बार्सिलोनाहून मातारोला धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या साडेचार वर्षं आधी. त्यांनी रूळ युरोपातल्या शेजाऱ्यांपेक्षा रुंद ठेवले. फ्रेंच सैन्य गाडीत बसून चालून येऊ नये म्हणून तसं केलं, असं अजूनही सांगितलं जातं. १८४४ च्या सरकारी अहवालातलं कारण मात्र साधं होतं: रुंद रुळांवर मोठा बॉयलर बसतो, वाफ जास्त मिळते, डोंगराळ देशाला ताकद लागते. आज ते गेज १,६६८ मिलिमीटर आहे.

"आपलं १,६७६," बाबा लगेच म्हणाले. "आठ मिलिमीटरचा फरक." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला बार्सिलोनाच्या चर्चचे फोटो दाखवताना दिसलं नव्हतं.

पुढची गोष्ट त्यांना आणखी आवडली. १९९२ मध्ये सेव्हियाला जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच सुमारास माद्रिद-सेव्हिया ही पहिली वेगवान गाडी सुरू झाली. ती बांधताना स्पेनने जुनं रुंद गेज सोडून युरोपचं १,४३५ मिलिमीटरचं गेज घेतलं, उद्या फ्रान्सशी थेट जोडता यावं म्हणून. आज वेगवान मार्गांचं जाळं सुमारे ४,००० किलोमीटरचं आहे, युरोपात सगळ्यात मोठं. पण जुने रूळही आहेतच, आणि खूप गावं अजून त्यांच्यावरच वसलेली आहेत. मग गाडीने एका गेजवरून दुसऱ्यावर जायचं कसं? बाबांची सगळी नोकरी या प्रश्नाच्या शेजारी गेली. मनमाडला ब्रॉडगेजच्या वाघिणीतला माल उतरवून मीटरगेजच्या वाघिणीत भरणारे हमाल त्यांनी पाहिले आहेत. एकेका पोत्याला दोनदा खांदा लागायचा.

स्पेनमध्ये हे काम गाडी स्वतः करते. ताल्गो या स्पॅनिश कंपनीच्या डब्यांत दोन चाकांना जोडणारा आस नसतो, प्रत्येक चाक सुटं असतं. गेज बदलायच्या जागी एक लांबट शेड असते. गाडी अगदी हळू, माणसाने सोबत पळावं इतक्या वेगाने आत शिरते. डब्याचं वजन चाकांवरून निघून बाजूच्या आधारपट्ट्यांवर येतं, चाकांची कुलपं सुटतात, तिरप्या पट्ट्या चाकांना बाहेर किंवा आत ढकलतात, कुलपं परत बसतात. घसरताना घर्षण होऊ नये म्हणून पाणी सोडलेलं असतं. एकामागून एक सगळे डबे असे जातात. आत बसलेल्याला थोडी खडखड आणि एक हलका झोका जाणवतो. शेजारचा माणूस वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीला नाक लावून बसले होते आणि डोळ्यांसमोर बाबा होते.

बाबांना ताल्गो नाव ठाऊक होतं. २०१६ मध्ये ताल्गोचे डबे जहाजाने मुंबई बंदरात उतरले आणि दिल्ली-मुंबई चाचणीत त्यांनी बारा तासांच्या आत अंतर कापलं, त्याची कात्रणं त्यांच्या फायलीत आहेत. पण चाकं सरकताना अनुभवायची तर योग्य गाडी पकडायला हवी. कोर्दोबाहून सेव्हियाला जायला भरपूर वेगवान गाड्या आहेत. त्यातली काद्दिसला जाणारी अल्व्हिया, म्हणजे दोन्ही गेजवर चालणारी गाडी, घेतली, तर सेव्हियाच्या अलीकडे माखाराबिके इथे ती गेज बदलते आणि मग स्टेशनात शिरते. वेळ थोडा जास्त लागतो. तीच घ्यायची.

कान्फ्रांकही बाबांमुळेच आलं. पिरेनीज पर्वतात, फ्रान्सच्या सीमेला लागून हे स्थानक आहे. इमारत २४१ मीटर लांब, खिडक्याच खिडक्या, स्लेटचं काळसर छत, मागे बर्फाचे डोंगर. १९२८ च्या जुलैत स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो आणि फ्रान्सचे अध्यक्ष दुमेर्ग यांनी उद्घाटन केलं. एवढं मोठं बांधायचं कारण गेज! फ्रेंच गाडी एका बाजूला थांबायची, स्पॅनिश दुसऱ्या बाजूला, आणि माणसं, सामान, टपाल, सगळं इमारतीतून अलीकडचं पलीकडे जायचं. दुसऱ्या महायुद्धात नाझींचं सोनं इथून दक्षिणेकडे गेलं आणि जीव मुठीत धरून निघालेले निर्वासितही. १९७० मध्ये फ्रान्सच्या बाजूला मालगाडीच्या अपघातात पूल कोसळला. तो परत बांधला गेला नाही आणि सीमेपलीकडची वाहतूक थांबली ती थांबलीच. इमारत कित्येक वर्षं काचा फुटलेल्या अवस्थेत उभी होती. २०२३ पासून तिथे मोठं हॉटेल आहे आणि गाडी मागच्या बाजूला बांधलेल्या लहान स्टेशनात येते.

सारागोसाहून तिथे दिवसाला मोजक्याच गाड्या जातात आणि जवळपास चार तास घेतात. सकाळी प्रवास करायचा नाही हा आमचा नियम इथे मोडतो, आणि आनंदाने मोडतो, कारण या मार्गावर खिडकीतूनच सगळं बघायचं असतं. एब्रो नदीचं सपाट कोरडं खोरं मागे पडतं, मग रिग्लोसचे तांबूस सुळके अगदी रुळांजवळ येतात, मग झाडी, मग बर्फ. एका दिवसात जाऊन येता येतं, पण परतीचा सगळा प्रवास अंधारात होईल. म्हणून उतरताना हाका गावी मुक्काम करायचा आणि सकाळी निवांत पुढे निघायचं. रुळांचं काम निघालं की या मार्गावर गाडीऐवजी बस देतात, तेव्हा तारखा नक्की करण्याआधी ते पाहून घ्यायला हवं.

सारागोसा माझ्या हट्टासाठी. पर्यटक बहुतेक ते ओलांडून पुढे जातात आणि मला ते नेहमी लागतं. हिवाळ्यात तिथे सिएर्सो नावाचा वारा सुटतो, एब्रोच्या खोऱ्यातून वायव्येकडून येणारा, कोरडा आणि बोचरा. दगडी पुलावरून चालताना कठड्याच्या बाजूला झुकून चालावं लागतं, डोळ्यांतून पाणी येतं, कान दुखतात. आणि समोर पिलार बॅसिलिकाचे मनोरे इतक्या स्वच्छ आकाशात उभे असतात की थांबावंच लागतं. आईला कानटोपी घालून तिथे नेणार आहे. तिच्या जेवणाचीही तिथे मला काळजी नाही. बोराखा नावाची पालेभाजी आरागोनमध्ये, म्हणजे सारागोसाच्या प्रांतात, हिवाळाभर मिळते. तिचे देठ सोलून बटाट्याबरोबर उकडायचे, वरून ऑलिव्हचं तेल. मी ती बाजारातून आणून किती वेळा केली असेल! वरून मी जिऱ्याची फोडणी द्यायचे.

इतर ठिकाणी मात्र आईसाठी डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. गरम रस्सा मागवला तर त्यात हाडांचं पाणी असतं, वाटाण्याच्या भाजीत हॅमचे तुकडे, कोर्दोबाच्या थंड टोमॅटो-सूपवर अंडं आणि पुन्हा हॅम. सेव्हियाची पालक-चण्याची भाजी चालेल, तिच्यात जिरंही असतं. कोर्दोबाला वांग्याचे काप तळून वर काकवी घालून देतात. सकाळी टोमॅटो चोळलेला पाव. याच्यावर दिवस निघतील आणि पिशवीत मेतकूट असणार आहेच.

तारखांचा घोळ बराच दिवस चालला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्पेन घरी जातो. खानावळी बंद, गाड्या कमी. ३१ डिसेंबरला माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायला जी गर्दी उसळते, तिच्यात आई-बाबांना नेणं शक्य नाही. पण लहान मुलांचा खरा सण पुढे असतो, ६ जानेवारीला. पूर्वेकडचे तीन राजे भेटी घेऊन येतात आणि आदल्या संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघते, गोळ्या-चॉकलेटं उधळत. बार्सिलोनाला हे राजे समुद्रातून, बोटीने येतात. बंदरावर मुलं बापाच्या खांद्यावर बसून वाट बघत असतात. ते आईला दाखवायचंच, म्हणून त्याच्या दोन दिवस आधी बार्सिलोनाला उतरायचं. सहा तारखेला सगळं बंद, म्हणजे विश्रांती. सातला दुपारची गाडी. त्यानंतर हॉटेलांचे दर उतरतात आणि गर्दीही ओसरते.

बार्सिलोनाबद्दल मी फार लिहीत नाही. त्याच्यावर सगळ्यांनीच लिहिलं आहे.

माद्रिदहून तोलेदो की सेगोव्हिया हा प्रश्न जड गेला. दोन्हीकडे गाडी अर्ध्या तासात पोहोचते आणि दोन्ही करणं सहज शक्य आहे, म्हणूनच एक सोडावं लागलं. सेगोव्हिया ठेवलं. तिकडची गाडी चामार्तीन स्टेशनवरून सुटते आणि ग्वादारामा पर्वताखालच्या २८ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. उतरतो ते स्टेशन गावाबाहेर माळावर आहे, तिथून बसने रोमन जलवाहिनीपाशी. चुना-सिमेंटाशिवाय एकावर एक रचलेले ग्रॅनाइटचे दगड सुमारे १,९०० वर्षं उभे आहेत. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा सगळी सकाळ तिथेच. तोलेदो सुटल्याचं वाईट वाटतंच.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनला मात्र वेगळा वेळ ठेवला आहे. जुन्या लोखंडी छताखाली ताडामाडांची बाग आहे, आणि ११ मार्च २००४ च्या स्फोटांत गेलेल्यांची आठवणही याच स्टेशनशी जोडलेली आहे. सकाळी कामावर निघालेली माणसं होती ती, लोकलमधली. ११ जुलै २००६ ची मुंबईची संध्याकाळ ज्याला आठवते, त्याला तिथे कुणी काही समजावून सांगायची गरज नाही.

दक्षिणेला गेलं की थंडी संपली असं समजून बॅग भरायची नसते, हे मी आईला चारदा सांगितलं आहे. सेव्हियाला जानेवारीत दुपारी सोळा-सतरा अंशांचं सुरेख ऊन असतं. रस्त्याच्या दुतर्फा झाडं संत्र्यांनी लगडलेली असतात. ती कडू असतात, त्यामुळे कुणी तोडून खात नाही. हिवाळ्यात उतरवून त्यातली काही मुरांब्यासाठी ब्रिटनला जातात. पण तिथली घरं बांधली आहेत ती उन्हाळ्याशी झगडायला. जाड भिंती, फरशी, लहान खिडक्या. रात्री खोली बाहेरच्यापेक्षा थंड वाटते. जुन्या घरांत एक गोल टेबल असतं, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि खाली पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची शेगडी. घरातली सगळी माणसं कापड मांडीवर ओढून बसतात, आजीच्या गोधडीत सगळ्या नातवंडांनी पाय खुपसावेत तशी. तेव्हा खोली घेताना खिडकीतून काय दिसतं याच्या आधी हीटर चालतो का, हे विचारायचं.

संक्रांत कोर्दोबाला येते. आईने तिळगुळाची पुडी आत्ताच यादीत घातली आहे. त्या सकाळी मशिदीत जायचं, दार उघडल्या उघडल्या. ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्द अल-रहमानने सुरू केलेली ही वास्तू दोनशे वर्षं वाढत गेली. आत आठशेहून जास्त खांब आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, कुठेही उभं राहिलं तरी दूरवर रांगाच रांगा. सोळाव्या शतकात तिच्या पोटातच उंच कॅथेड्रल उभं केलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॅथेड्रलचा राग आला होता. आता वाटतं की ते बांधलं नसतं तर बाकीचे खांब कदाचित कुणी राहू दिले नसते. आईला काय वाटेल, हे मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे. गर्दी नसताना, घाई नसताना.

शेवटी ग्रानाडा. सेव्हियाहून गाडीने तीन तासांच्या आसपास. २०१५ ते २०१९ या काळात या शहराचा रेल्वेशी संबंधच तुटला होता, नव्या मार्गाच्या कामासाठी. प्रवाशांना मधल्या स्टेशनपर्यंत बसने नेत. आता थेट गाडी आहे आणि परतीला माद्रिदही साडेतीन तासांवर. अल्हंब्रा, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लीम राजांचा किल्ला आणि राजवाडे, हिवाळ्यात साडेआठला उघडतं, सहाला बंद होतं. त्यातल्या नासरी राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती पाळावीच लागते. आम्ही दहानंतरची वेळ धरली आहे. हिवाळ्यातलं कलतं ऊन अंगणातून दालनांच्या खूप आतपर्यंत येतं, भिंतीवरचं कोरीव काम उठून दिसतं. बाहेर पडलं की सिएरा नेवादाच्या डोंगरांवर बर्फ. आल्बायसिन या जुन्या वस्तीचा चढ आईला झेपणार नाही, पण तिथे लहान बस जाते, अगदी सान निकोलास या प्रसिद्ध चौकाजवळपर्यंत.

व्हिसाच्या अर्जाला दिवसवार आराखडा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा विमा. आराखडा तयार आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. अडलंय ते बाबांच्या पासपोर्टपाशी. परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असायला हवा आणि बाबांचा मार्चमध्ये संपतोय, म्हणून नूतनीकरणाला दिला आहे. अल्हंब्राचं तिकीट नावावर असतं आणि त्यावर पासपोर्टचा नंबर द्यावा लागतो, तेव्हा जुना नंबर टाकून चालणार नाही. नवा हातात आला की आधी अल्हंब्रा, मग काद्दिसची अल्व्हिया, मग हाकाची खोली. बाकीच्या गाड्या भरपूर आहेत.